बेटावर काही नाही

"तिथी काहीच नाही ना बाई, काहाले जाता?"
तेलाच्या चेपलेल्या डब्यानं डोंग्यातलं पाणी उपसत
दसरू मारबते म्हणाला.
होळी उलटून आठवडा झालेला. घाटावर आम्ही दोघं,
पिशवीत लाखोळीचे वडे, कांदा, पाण्याची कळशी.

हे एकतीस वर्षं ब्रह्मपुरी डेपोत.
गाड्यांच्या पोटाखाली उताणे पडून
लोकांना नागपूर, पुणं, पचमढीला धाडलं.
स्वतः गेले ते वडशापर्यंत,
तेही माझ्या आत्याच्या तेरवीला.
पोरीनं अंदमानचा फोटो पाठवला तेव्हा
चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले.
मग म्हणाले, रेती तर आपल्याकडंही आहे.

हे बेट तलाठ्याच्या नकाशात नाही.
पावसाळ्यात वैनगंगा ते उचलून नेते,
दिवाळीनंतर परत ठेवते,
अगदी त्याच जागी नाही,
विसराळू बाई किल्ली ठेवते तसं
जवळपास कुठंतरी.

डोंगा गेला. वल्ह्याचा आवाज विरला
आणि मला माझ्याच बांगड्या ऐकू आल्या.
झाऊची चार झुडपं. एक वाळका ओंडका.
कोण्या वरच्या गावची निळी चप्पल, डाव्या पायाची.
बस.
ह्यांनी जोडे काढले.
लग्नाला बत्तीस वर्षं, आणि ते तळवे
मी उन्हात पहिल्यांदा पाहिले:
पांढरेफटक, सुरकुतलेले,
पहिल्या दिवशी शाळेत बसवलेल्या पोरांसारखे बावरलेले.

मी पाण्याच्या कडेनं चालत गेले तर
काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा एक पक्षी
किंचाळत थेट माझ्या डोक्यावर.
पदर घेतला, पुन्हा आला.
खाली पाहिलं:
माझ्या पावलापासून वीतभर अंतरावर तीन अंडी,
रेतीच्याच रंगाची, वर शाई उडाल्यासारखे डाग.
ना काडी, ना पान.
टाचेनं पडावा एवढा खळगा, तेवढंच घर.

"चल, त्याची जागा आहे," हे हळूच म्हणाले,
आणि आम्ही पिशवी उचलून
बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो,
कोणी हटकल्यासारखे, मागं न बघता.

जेवण झालं. वड्यात थोडी रेती आली, खाल्ली.
हे आडवे झाले, तोंडावर रुमाल.
उताणेच.
पण आज वर गाडी नव्हती.
हात दोन्हीकडं पसरलेले, पाना-पेचकस काही नाही,
आणि घोरणं असं मोकळं
की मी दुपारभर त्यांना हलवलं नाही.

दसरू चारला येणार होता, आला दिवस बुडताना.
मधल्या वेळात मला भीती वाटली,
मग भूक लागली,
मग कुठलीशी उखाण्याची ओळ आठवली, तीही अर्धीच.

"काय पाह्यलं मंग?" डोंगा ढकलत त्यानं विचारलं.
"काहीच नाही," हे म्हणाले,
इतक्या ऐटीत
की दसरूनं वल्हं थांबवलं
आणि वळून बेटाकडं पाहिलं.