चाळीस पावलं

नोटीस दर वर्षी मीच लिहिते:
तीस नोव्हेंबरच्या आत
कुंपणालगतचा तीन मीटर पट्टा
मातीपर्यंत साफ हवा.
सही माझी, शिक्का नगरपरिषदेचा.

आणि त्या पट्ट्यातच, टिंडेल रस्त्याच्या टोकाला,
जिथे हिवाळाभर घोट्याएवढं पाणी
आणि डिसेंबरात चिखल
भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो,
तिथे ती उगवते.

नाव आहे तिला, लॅटिन, लांबलचक, दप्तरातलं.
हाक मारावी असं नाही.
नखाएवढं फूल, नासक्या दुधाच्या रंगाचं.
एकशे बारा रोपं. मी मोजलीत,
फळी टाकून, गुडघ्यांवर.
बी पिकतं डिसेंबरच्या मध्यावर.
नोटिशीची मुदत त्याआधीच संपते.

डॅरिल क्वर्क तिला गवत म्हणतो.
गावच्या अग्निशामक स्वयंसेवकांचा कप्तान.
एका जानेवारीत बहिणीच्या घराची चावी खिशात घेऊन
तो घर शोधत होता राखेत.
चावी अजून त्याच्या जुडग्यात आहे.
'तुझी एकशे बारा,' तो म्हणतो, 'माझी एकोणीस घरं.'
मी मान खाली घालून फॉर्म भरते.

खरा पेटतो तो वॉटसोनिया.
छातीभर उंच, तलवारींचं रान,
वाळला तरी उभाच.
आफ्रिकेतून आला, बागांसाठी.
आमच्याकडे आईने आणला,
बिस्किटांच्या डब्यात, कंद वर्तमानपत्रात गुंडाळून.
गुलाबी फुलं बघून शेजारणी मागायच्या
आणि नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही.
उरलेले कंद तिने ओढ्यात टाकले.
तो ओढा इथे येतो.

तण खाई धन, कबूल.
पण इथे धनही तणासारखंच दिसतं
आणि तणनाशकाला वाचता येत नाही.
जाळावं? मागे जाळलं
तेव्हाच तर ही वर आली, किती वर्षं मातीत दडलेली.
तिच्या मागोमाग वॉटसोनियाही आला, दुप्पट.
लोरेटा म्हणते, तिच्या मावश्या चटईएवढंच जाळायच्या,
बोट ओलं करून वारा बघत.
विमा कंपनीला चटई कळत नाही.

शेवटी पट्टा कापला, चाळीस पावलं सोडून.
त्या चाळीस पावलांत आम्ही बोटांनी कंद उपटले,
लोरेटा, मी, शाळेतली सहा पोरं,
फळ्यांवरून इतक्या हळू
जणू खोलीत कुणी आजारी झोपलंय.
नऊ पोती भरली.
तरी वाळकं गवत राहिलंच.

डॅरिलने तपासणीच्या कागदावर सही केली नाही.
एक डिसेंबरला संध्याकाळी
त्याचा पाण्याचा टँकर तिथे उभा,
नळी पसरलेली, शेजारी घडीची खुर्ची.
'घरांसाठी,' तो म्हणाला. 'तुझ्या गवतासाठी नाही.'
दुसऱ्या रात्रीही तिथेच. सोळा रात्री.
थर्मास, रेडिओवर क्रिकेट.
पूर्वेचा वारा सुटला की
स्कोअर अर्धवट ठेवून उभा राहायचा,
नाक वर करून.

सतराव्या पहाटे फोन.
'काहीतरी फुटलंय. तीळ सांडल्यासारखं.'
मी पोचले तेव्हा तो फळीवर पालथा होता,
बूट काढून, टॉर्च जमिनीलगत धरून.

मी मोजली. एकशे अकरा.
एक टँकरच्या चाकाखाली.
तो बराच वेळ चाकाकडे बघत राहिला.
दुपारी येऊन चाळीस पावलं कापून गेला,
यंत्राचं पातं उंच धरून,
कुठल्याच नियमात बसत नाही इतकं उंच.
सहीच्या जागी तेलकट अंगठ्याचा डाग होता,
आणि त्यावरच सही.

नऊ पोती माझ्या अंगणात आहेत,
काळ्या प्लास्टिकमध्ये, उन्हात.
कंद सहजासहजी मरत नाहीत.
एप्रिलात एक पोतं फाडून
हिरवं टोक बाहेर आलं.
मी कात्री आणायला आत गेले
आणि चहा टाकला.