चार ते सहा

दहीपुलाच्या गाळ्यात
तबकडीवर ऊन पडू द्यायचं नसतं.
बाबांनी हे शिकवलं नाही.
एकदा ओरडले होते, तेवढंच.

गांगुर्डे शिक्षक नव्हते, तरी सगळे मास्तर म्हणतात.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तेहतीस वर्षं
छापून आलेले ताव तपासले त्यांनी.
आकडा केसभर सरकला, बाद.
शाई सांडली, बाद.
घरी भाकरीसुद्धा पालथी करून बघतात, त्यांची सून सांगते.

रुमालाची गाठ सोडून त्यांनी घड्याळ ठेवलं.
एचएमटी, चावीचं, सासऱ्यांनी दिलेलं.
तबकडी तेव्हा पांढरी असणार,
आता तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखी,
आणि चारपासून सहापर्यंत
बशीत वाळलेल्या चहाची कड.

"मुंबईला पाठवते," मी घाईनं म्हटलं,
"नव्यानं छापून येईल. आकडे काळेभोर. पैसे नकोत."

पैसे का नकोत ते बाबांच्या वहीत आहे.
गोदा सराफ बाजारात चढली त्या आठवड्याचं पान,
कागद अजून फुगलेला:
गांगुर्डे. एचएमटी. डबी पाण्यात. डायल ओली.
मजुरी घेऊ नये.
खाली रेघ.
बाबा कुणाच्या नावाखाली रेघ ओढत नसत.

मास्तरांनी माझं भिंग उचललं, न विचारता,
डोळ्याला लावलं
आणि ताव वाचावा तसे डावीकडून निघाले.
दहा. बारा. दोन.
पाचाशी थांबले.
रिक्षा, भांडीवाले, कुणाचा तरी भोंगा,
मी वाट पाहत होते त्या एका शब्दाची.

"अक्षर हललेलं नाही," म्हणाले.
"कागद पिवळा पडला तर तो छपाईचा दोष नव्हे."

मग भिंग खाली न ठेवताच:
"तुझा बाप हे घेऊन घरी आला होता.
गुडघ्यापर्यंत चिखल. आत येईना.
दारातून म्हणाला, बोट लावू नका मास्तर,
अजून वाळतंय."

परवा एक कॉलेजचा मुलगा आला होता,
आजोबांचं घड्याळ टूथपेस्टनं घासून.
तबकडी लख्ख. नाव गेलं, सेकंदाच्या रेघा गेल्या,
बाराच्या जागी थोडी निळसर जखम.
तो विचारत होता, परत येईल का.

म्हणून मी पाणी लावलं नाही.
काटे उचलले, रबरी फुग्यानं फुंकलं,
मऊ लांबीचा गोळा टेकवून धूळ तेवढी घेतली.
तीनवरचा रेडियमचा ठिपका
जुन्या जायफळासारखा भुगा होत होता,
त्याला काडीच्या टोकानं थेंबभर लाख.
डागाला हात नाही.
पाठीची रबरी कडी मात्र नवी बसवली,
ओल पुन्हा शिरू नये,
डाग सहाच्या पुढे चालू नये म्हणून.

मास्तरांनी कानाशी धरून ऐकलं.
मग दोनशेची नोट काढली,
आणि देण्याआधी, सवयीनं,
उजेडाकडे धरली.

मी वही उघडली. नवं पान नको वाटलं.
त्या रेघेच्या खालीच लिहिलं:
गांगुर्डे. मजुरी दोनशे.
घेतली.