जामीनदार

फळ्यावर मी चार शिड्या काढते:
शिक्षण, मिळकत, काम, जात.
प्रत्येकीवर एक ठिपका. मग ठिपके जोडायचे.
रेष सरळ आडवी आली, तर माणसाला झोप लागते.
वाकडी आली, तर...
इथे बहुधा घंटा होते,
आणि मला पैसे घंटेपर्यंतचेच मिळतात.

एप्रिल संपला की कॉलेज मला खोडून टाकतं,
जुलैत, कधी ऑगस्टात, पुन्हा लिहितं.
दारावरच्या पाटीवर 'डॉ.' मात्र बारमाही.

घर बदलायचं होतं, कर्वेनगरातच,
डिपॉझिट साठ हजार.
पतपेढीला हवा होता कायम नोकरीतला जामीनदार.
आमच्या नात्यात जे जे कायम होते
ते सगळे निवृत्त झालेत.

शुद्धोधन ओव्हाळ, एम. ए.,
माझ्या पहिल्या वर्षाची बॅच, तिसरा बाक.
आता पहाटे साडेपाचला नारायण पेठेत,
वडिलांच्या जागी, वडिलांच्याच बीटवर, झाडू.
पगाराची स्लिप त्यानं प्लास्टिकच्या फोल्डरमधून आणली.
मी बघणार नव्हते. दिसलीच:
सातवा आयोग, फंड, कपात जाऊनसुद्धा
माझी अख्खी टर्म, एका महिन्यात.

कारकून मला म्हणाला, "बसा ना मॅडम."
त्याला म्हणाला, "आडनाव?"
मग, "काम काय करता?"
मला स्वतःच्या खिशातलं पेन दिलं होतं,
त्याच्याकडे सुतळीला बांधलेलं सरकवलं.

मीच शिकवलंय हे, पाच मार्कांना येतं:
माणूस स्वतःला वरच्या ठिपक्यावरून मोजतो,
लोक त्याला खालच्या.
मला तर लोक अजून वरच्यावरूनच मोजतात.
हे पुस्तकात नव्हतं.
किंवा असेल. मीच ते पान सोडून पुढे गेले असेन.

तिसऱ्या बाकावरून तो एकदा म्हणाला होता,
"मॅडम, चौथीवर कुणी चढताना दिसत नाही,
मग तिला शिडी का म्हणायचं?"
त्या दिवशीही घंटा झाली होती.

सही त्यानं सावकाश केली, पूर्ण नावाची,
सुतळी पुरत नव्हती म्हणून जरा वाकून.

खाली अमृततुल्यात बशीत चहा ओतत म्हणाला,
"हप्ता चुकवू नका हं, माझ्यातनं कापतील."
हसलो दोघंही.
मग बशीकडेच बघत:
"सेट निघाली माझी, जानेवारीत.
तुमच्याकडं तासिकेची एखादी जागा सुटली तर..."
थांबला.
बोटांवर काहीतरी मोजलं, 
घरातली माणसं असतील.
"नको, राहू द्या. परवडायचं नाही."