चित्र वाया

तुर्कूहून पत्र आलं,
आउलिक्की सोर्वाली नावाच्या बाईंचं.
एकोणीस वर्षांपूर्वी, अकरा मार्चच्या रात्री,
दुर्बिणीवर तुम्हीच होता ना?

होतो. म्हणजे वहीत सही माझी आहे.
गाराफियाच्या या घरात वह्या
बटाट्याच्या बियाण्यामागे राहतात.
'पहाटे दोन पंचवीस. दहा मिनिटं. कालिमा.'
कालिमा म्हणतो आम्ही त्या वाऱ्याला
जो समुद्र ओलांडून सहाराची धूळ आणतो.
पुढे: 'घुमट बंद. चित्र वाया.'
खाली दोन रेघा, दाबून.

नेम दुसरीकडेच होता.
ती दीर्घिका चौकटीत आली डाव्या कोपऱ्यात, अर्धीच,
लग्नाच्या फोटोत
पलीकडच्या टेबलावरचा पाहुणा येतो तशी.

आता तिथे तारा फुटलाय.
बाई जुनं चित्र नव्याखाली सरकवतात,
सात साक्षीदार ताऱ्यांवर तेच सात तारे बसवतात,
किंचित फिरवून, किंचित ताणून,
आणि विचारतात:
स्फोटाआधी इथे कोण राहत होतं?

माझ्या वाया चित्रात
नेमका तिथे एक तांबूस ठिपका आहे.
धूळ तर नव्हे?
एवढंच त्यांना विचारायचं होतं.

काय सांगू?
त्या रात्री माझं लक्ष टेलिफोनवर.
फायनानं मला न विचारता शेळ्या विकलेल्या,
भांडण तीन वाजेपर्यंत.

तरी लिहिलं:
त्या कॅमेऱ्यात धूळ कडं उमटवते, पोकळ.
ठिपका भरीव असेल
तर तो तुमचा.

उत्तर आलं: आभार. पण खात्री नाही.
उजेड ओसरू द्या.
चार-पाच वर्षांनी पुन्हा तिथेच बघू.
ठिपका नसला, तर तोच होता.

मी विसरलो. गुडघा बदलला.
ज्वालामुखीची राख दोनदा छपरावरून झाडली.

गेल्या मंगळवारी दोन चित्रं आली, शेजारी शेजारी.
दुसऱ्याखाली एक ओळ:
काही नाही. ओळख पटली.

फायनानं चष्मा लावला,
दुसरं चित्र उजेडाकडे धरलं.
'यात तर काहीच नाही.'
'हो ना!' मी म्हटलं, नको तितक्या आनंदानं.

मग तिनं वही ओढली, तारीख वाचली.
मला त्या रात्रीचं आकाश आठवत नाही,
तिला मात्र
अकरा शेळ्यांची नावं,
कुणी किती दिले ते,
आणि मी फोन आधी ठेवला होता, हेसुद्धा.