रकाना नसलेल्या गोष्टी

आमच्या गावाला नाव नाही. त्रेचाळीस नंबर.
कोरेंटाइनच्या किनाऱ्यावर पुष्कळ गावं अशीच,
पाठीवर आकडा शिवलेल्या खेळाडूंसारखी
समुद्राच्या भिंतीमागे एका रांगेत.

इथे शिवणयंत्रावरून उठून दर रविवारी
मी एकतीस वर्षं धावांची वही लिहीत आले.
चौकाराला चार, निर्धाव षटकाला एम,
बाद झाला तर कसा, कुणी.
वाऱ्याला रकाना नाही.
जो आलाच नाही, त्यालाही नाही.

त्या वर्षी अंतिम सामन्यात आम्ही
साखर कारखान्याच्या संघाला हरवलं.
अकरा धावांनी.
अंगण खरंच वाकडं होतं त्या दिवशी, मी नाकारत नाही:
दुपारच्या भरतीला झडपेचा राखणदार झोपून राहिला,
कालव्याचं पाणी पश्चिमेच्या सीमारेषेवर चढलं,
आणि त्यांचे फटके, चांगले सणसणीत फटके,
चिखलात जाऊन म्हशीसारखे बसले.
आम्हीही त्याच चिखलात खेळलो, असं म्हणायची सोय नाही.
आमची फलंदाजी सकाळी, कोरड्यात झाली होती.

आणि एगबर्ट बोव्हेल नव्हता.
ज्याचा यॉर्कर पायाच्या अंगठ्याची चौकशी करायचा
तो एगबर्ट गुरुवारी न्यूयॉर्कच्या विमानात बसला.
पाच वर्षं तुंबलेला व्हिसा
नेमका त्याच आठवड्यात सुटला.

चषक रामदेहोलच्या रमच्या दुकानात आहे,
बाटल्यांच्या वर. माशा बसतात.
पहिल्या पेल्याला तो विजय असतो,
तिसऱ्याला ‘एगबर्ट असता तर’.
मग सगळे मिळून आत्याबाईला मिशा लावतात
आणि दुकान बंद होईतो त्या मिशांना पीळ देतात.
सुकनंदन, ज्याने त्या दिवशी एकोणसत्तर केल्या,
तेवढ्यात उठून घरी जातो.
चाळिसाव्या धावेला त्याची करंगळी मोडली होती.
तेही वहीत नाही.
कुणी विचारत नाही, म्हणून तो सांगतही नाही.

बावीस वर्षांनी एगबर्ट आला, आईला माती द्यायला.
पोट सुटलेलं. तिकडे कुठल्याशा इस्पितळात रात्रपाळीचा रखवालदार.
म्हणाला, वही दाखव.
पानावरून बोट फिरवलं,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावं तसं.
त्याचं नाव मी सवयीने आधीच लिहून ठेवलं होतं
आणि मग एका रेघेने खोडलं.
रेघेखालून अजून वाचता येतं.

“खांदा गेला होता माझा,” तो म्हणाला. “ईस्टरपासून.
कोणाला बोललो नव्हतो. आलो असतो
तर याने शंभर केल्या असत्या.”

सुकनंदन तिथेच होता. हसला नाही.
“खोटं बोलतोस. त्याच सोमवारी
तुमच्या गोदामामागे मी लपून बघत होतो.
मधला स्टंप मोडलास तू.”

एगबर्ट पंख्याकडे बघत राहिला.
कुणाचं खरं, मला माहीत नाही.
दुखऱ्या खांद्यातूनही एखादा चेंडू तसा निघतो.
आणि आईला पुरून आलेला माणूस
उगाचही काही देऊन टाकतो.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग सुकनंदन म्हणाला, अगदी हळू,
जणू शेजारच्या टेबलाला सांगत होता:
“सहा महिने, एगबर्ट. सहा महिने रोज पहाटे
माझा भाऊ पायात चेंडू टाकायचा आणि मी बॅट खाली आणायचो.
फक्त तुझ्यासाठी.
आणि आलास नाहीस, हरामखोरा.”

चषकाकडे दोघांनीही पाहिलं नाही.
रामदेहोलने न विचारता दोन पेले भरले.

घरी येऊन मी पेन्सिलीला टोक काढलं,
ते पान उघडलं, समासात जागा होती भरपूर.
काही लिहिलं नाही.
अकरा म्हणजे अकरा.

बाहेर भरती लागली होती.
झडपेवर आता त्या राखणदाराचा मुलगा असतो.
वेळेवर उठतो, असं म्हणतात.