ताजा

तुर्भ्याला, डोंगराच्या पायथ्याशी, बोअर क्रमांक सात.
तडवी रिग थांबवतो, नळीतली माती तळहातावर घेतो,
चिमूटभर दातांखाली धरतो.
कचकचली तर गाळ,
नाही तर चिकण.
"चिकण," म्हणतो, आणि थुंकतो.
मी लिहिते : शून्य ते दीड मीटर.

मग मुरूम. पिवळट, बोटांनी चुरतो,
तरी दगडाची वीण त्यात जशीच्या तशी,
जळलेल्या कागदावर
अक्षरं राहतात तशी.
फुंकर घालायची नाही.

त्याखाली गोटे, पापुद्रे सुटलेले,
आत मुठीएवढा काळा गाभा.
"कांदाच की," तडवी म्हणतो,
"फक्त सोलून संपला तरी हातात काहीतरी उरतं."

साडेनऊ मीटरला बिट कण्हायला लागतो.
पेटीत येते हातभर अखंड कांडी,
काळी, गार,
आणि रकान्यात लिहायचा शब्द ठरलेला : ताजा.
साडेसहा कोटी वर्षं, आणि ताजा.
वाशीच्या मार्केटात मेथीला
जो शब्द दुपारपर्यंतही पुरत नाही.

ताजा म्हणजे
पाण्याला अजून न सापडलेला.

पाणी घण घालत नाही.
हवेतला किंचित आंबटपणा घेऊन येतं,
सोलकढीहून कितीतरी फिका,
आणि भेगेत बसून राहतं.
दगडातलं लोखंड गंजतं, फुगतं.
पांढरे स्फटिक सैल पडतात,
चिकणमाती होऊन दातांखाली गप्प राहतात.
चुना सुटतो, ओढ्याने खाडीत उतरतो,
तिथे कुणाच्या तरी शिंपल्यात पुन्हा घट्ट होतो.

परवा दिवाळ्याहून आणलेल्या तिसऱ्या धुताना
एक शिंपला उलटा करून बघत राहिले.
नवऱ्याने विचारलं, "वाळू आहे का?"
म्हटलं, "नाही. डोंगर."

टॉवर ताज्यावर उभा राहणार.
वरचं सगळं "काढून टाका," साहेब म्हणतात.
एका डंपरमध्ये किती हजार वर्षं मावतात
याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
तडवीने मात्र वरच्या थरातली एक गोण बाजूला ठेवली,
रबाळ्याच्या खोलीबाहेर रंगाच्या डब्यात
बायकोला पुदिना लावायचाय.
"ही नाही ना लिहायची?"
नाही लिहिली.

काल गोदामात जुनी पेटी उघडली,
चार वर्षांपूर्वीची, पत्रा गळतो त्या कोपऱ्यातली.
माझंच अक्षर : ताजा.
कांडीच्या टोकाशी
नखाएवढा तपकिरी डाग.

खोडलं नाही.
पेन काढून
फक्त तारीख जरा ठळक केली.