फक्त सवयी

पिकोहून येणारी बोट ओर्ताच्या धक्क्याला लागते
साधारण त्याच सुमाराला रोज पडायचं हे सॉफ्टवेअर.
आधी पानाची चौकट थरथरायची,
मग अक्षरं जागच्या जागी थिजायची,
मग नुसता काच.
शनिवारचा अंक, मयताच्या दोन जाहिराती,
आणि मी. कॉफी निवत चाललेली.

शेवटी लिस्बनहून फोनवर एक पोरगा म्हणाला,
दोना झुल्मीरा, पसंतीची फाइल सडलीय.
सुरू करताना तीन बटणं एकदम दाबून धरा,
विचारेल, पुसू का? हो म्हणा.
कामाला धक्का नाही लागणार,
फक्त सवयी जातील.

सवयी माझ्या नव्हत्याच.
त्या अन्सेल्मोच्या, माझ्याआधी एकोणीस वर्षं
याच खुर्चीत मुरलेल्या.
कागद कापायच्या यंत्रानं उजव्या हाताची दोन बोटं नेली
तेव्हा त्यानं सगळे शॉर्टकट
डाव्या हाताच्या टप्प्यात ओढून आणले होते.
माझे दोन्ही हात धड,
तरी मी तसंच शिकले,
दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून चालावं तशी.
पानामागचा रंग फिकट हिरवा. डोळ्यांना बरं, म्हणायचा.
मोतीबिंदूचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

फाइलची एक प्रत बाजूला काढली,
नाव दिलं: जुनी.
सडलेलं कुणी जपून ठेवतं का? ठेवलं.
मग तीन बटणं. बोटं पुरली.
त्याची पुरली नसती, हे तेव्हा सुचलं.

हॉटेलच्या खोलीसारखं उघडलं:
चादर ताठ, टॉवेल घडीचे,
मापं इंचात.
कालचं पान आणलं आणि
नावांखाली लाल नागमोडी रेघा उमटत गेल्या.
बेत्तेंकूर चूक. गुलार्त चूक. ब्रुम चूक.
फेतैरा हे अख्खं गाव चूक, घंटेसकट.
मंगळवारी गेलेला म्हातारा,
आडनावानं चूक, टोपणनावानं तर फारच.

म्हणजे ही सगळी माणसं
त्यानं एकेक करून बरोबर ठरवली होती.
मी पण बसले. शब्दकोशात घाला. घाला.
होड्यांची नावं आली, विधवांची आली,
एका शब्दाशी थांबले, हा त्याचाच चुकून शिरलेला
की खरंच कुणी होतं असं?
तोही घातला.

रात्री फॉल रिव्हरहून, मुलीच्या घरून, त्याचा फोन.
अंक निघाला?
निघतोय, म्हटलं.
मशीन काय म्हणतंय?
बरं आहे. वाऱ्याचं बोललो मग.

पहाटे चारला पानं गेली. एकदाही पडलं नाही.
डावा हात मात्र सेव्ह करायला
अजून जुन्याच जागी जातो,
आणि पानावर फूटपट्टी उगवते, इंचांची,
काही न मोजणारी.
मी ती जरा वेळ राहू देते.